कोपऱ्यातल्या तिघी

“मग तिघींत थोर कोण, अक्का?”

 अक्का माती चाळत होती.

चाळणीची खरखर थांबली की संयोगिताला वाटे, आता बोलेल. अक्का चाळणीतले खडे बाजूला टाकी, नवी पाटी ओती, आणि खरखर पुन्हा सुरू होई.

शेवंताक्का गावाबाहेरच्या मठामागं राहायची. एक खोली, एक रांजण, आणि दारासमोर कबड्डीचं मातीचं मैदान. वय चौऱ्याहत्तर. बायकांची कबड्डी तिच्याइतकी कुणी बघितली नव्हती, आणि तिच्याइतकं कमी कुणी बोलतही नव्हतं. शहरात सगळीकडे मॅट आल्या तरी कॉलेजच्या मुली सुट्टीत तिच्या मातीत लोळायला यायच्या. संयोगिता मगदूम त्यांतलीच. दोन वर्षं अक्काच्या हाताखाली शिकलेली, आणि आता संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.ला.

आज मात्र ती खेळायच्या कपड्यांत आली नव्हती. वही घेऊन आली होती.

“हौसा रेठरे,” तिनं वाचायला सुरुवात केली. “मातीचा काळ. अडुसष्ट ते चौऱ्याहत्तर. मग रेहाना शिकलगार, एकोणऐंशी ते शहाऐंशी. आणि प्राजक्ता घोरपडे, मॅटवरची. तिघी डाव्या कोपऱ्यातल्या. तिघींनी चवडा धरला की चढाईवाली परत गेली नाही.”

“बरं.”

“पण काळ वेगळे ना, अक्का. नियम वेगळे. नुसत्या पकडी मोजून कसं चालेल? म्हणून मी भारांक काढलेत.”

“काय काढलंस?”

“भारांक. म्हणजे मातीवरच्या पकडीला एक पूर्णांक दोन. मॅटवरच्या पकडीला एक.”

“मातीला एक पूर्णांक दोन.” अक्कानं चाळणीतल्या मातीकडं नीट बघितलं. “आन् रेहानाच्या सासूला किती दिलंस?”

“सासूला?”

“तिच्या चोरून रेहाना दर सामन्याला बुटं पिठाच्या डब्यात लपवून आणायची. मैदानात पळाली की पीठ उडायचं. त्याचा आकडा धरलास का न्हाई?”

संयोगिता हसली नाही. तिनं समासात ‘घरचा विरोध’ असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

“धरता येईल,” ती म्हणाली.

“धर. हौसाच्या लुगड्याचा बी धर. पयलं वरीस काष्टा मारूनच खेळली ती. चढाईवाली काष्ट्याला झोंबायची, आन् पंच आभाळाकडं बघायचा.”

मठाच्या पत्र्यावर धप्पकन काहीतरी पडलं.

वही संयोगिताच्या हातातून उडाली. ती दोन पावलं मागं सरली होती, हे तिला नंतर कळलं.

“वानर हाय,” अक्का म्हणाली. “पंच न्हाई.”

संयोगितानं वही उचलली. पानांना लागलेली माती ती पाठमोरी होऊन झटकत राहिली. 

“ही थोरवी कशाला पायजे तुला?”

“जिल्हा संघटनेची स्मरणिका निघतेय. माझ्याकडून लेख मागितलाय.”

“खोटं.”

…

खरं असं होतं. उद्या सकाळी दहाला राज्याच्या संघाची निवड चाचणी होती. संयोगिताला डाव्या कोपऱ्यात उभं राहायचं होतं, आयुष्यात पहिल्यांदा. समोरून चढाईला येणार होती जयमाला भोपळे. जयमालाची मागची लाथ बघितलेल्या मुली तिचं नावसुद्धा हळू आवाजात घेत.

पंधरा दिवस संयोगिताला धड झोप नव्हती. जुन्या गुणपत्रिका, वर्तमानपत्रांची कात्रणं, मॅटवरच्या सामन्यांची चित्रफीत, जे हाती लागेल ते तिनं धुंडाळलं. तिघींतली सर्वांत थोर कोण ते एकदा ठरलं, की तिच्यासारखं उभं राहायचं, तिच्यासारखं वाकायचं. म्हणजे कदाचित पाय लटपटणार नाहीत. असा तिचा हिशोब.

आणि हिशोब चुकला तर पिशवीत एक अर्ज तयार होता. ‘गुडघेदुखीमुळे चाचणीस उपस्थित राहू शकत नाही.’ तारीख तेवढी घालायची राहिली होती.

हे सगळं तिनं सांगितलं. अर्जाचंही सांगितलं. सांगताना तिचं लक्ष पत्र्याकडं होतं, वानर पुन्हा उडी मारतंय का म्हणून.

“हां,” अक्का म्हणाली. “आता खरं बोललीस. निम्मं.”



“निम्मं म्हणजे?”

अक्कानं चाळण पालथी घालून तिच्यावर थाप मारली. धूळ उडाली. संयोगिता त्या थापेलाही दचकली.

“मला पकडी इचारू नगस,” अक्का म्हणाली. “त्या मी बघितल्याच न्हाईत.”

“असं काय करता, अक्का? तिघींबरोबर उभ्या राहिलेल्या तुम्ही एकट्याच आहात. म्हणून तर आले.”

“म्हणून तर बघितल्या न्हाईत. मी शेजारची. कोपऱ्यातलीचा हात धरून हुबी ऱ्हाणारी. तिनं चवडा बघायचा, मी चढाईवालीची कंबर. सामन्यात हौसाचं तोंड कसं दिसायचं, देवाशपथ मला ठाव न्हाई. हात ठाव हाय.”

“कसा होता?”

“थंडगार. हिरीतनं काढल्यावानी.”

“आणि रेहानाताईंचा?”

“ओला. घामानं निसटायचा. बाई मातीत पुसायची, पुन्ना निसटायचा.”

“प्राजक्ताताईंचा?”

“ती आली तवा मी साठीची. एक पोरगी आली न्हाई म्हणून सरावाला हुबी ऱ्हायले. असा दाबला तिनं हात, की आठ दिस भाकरी थापता आली न्हाई.”

संयोगिता भराभर लिहीत होती. थंड. ओला. घट्ट. 

“म्हणजे तिघी घाबरायच्या?”

“मी हात सांगितला. घाबरायच्या का, ते त्यांना इचार.”

“हौसाक्का तर वारल्या.”

“मग राह्यलं.”

अक्का गुडघ्यावर हात देऊन उठली. कमरेत जुनं दुखणं असल्यासारखी क्षणभर तशीच वाकून थांबली. मग मैदानात गेली.

“ये.”

“आत्ता? मी बूट आणले नाहीत.”

“हौसानं तरी कुठं आणलं हुतं? ये.”

संयोगितानं चपला काढल्या. ताजी चाळलेली माती तळपायाला मऊ लागली. ती थेट डाव्या कोपऱ्याकडं निघाली.

“तिकडं न्हाई,” अक्का म्हणाली. “कोपऱ्यात मी. तू शेजारी.”

“पण उद्या मला कोपऱ्यात…”

“उद्याचं उद्या. धर.”

चौऱ्याहत्तर वर्षांची बाई नऊवारीचा ओचा खोचून कोपऱ्यात उभी राहिली. गुडघे वाकवले. डावा हात मोकळा, पुढं. उजवा हात तिनं संयोगिताकडं केला.

संयोगितानं आपला डावा हात आधी ओढणीला पुसला. मग धरला.

समोरचं अर्धं मैदान रिकामं होतं. मधल्या रेषेपलीकडं एक वाळकं पान पडलेलं, आणि त्यापलीकडं मठाची भिंत. दुसरं काही नाही. वारा नव्हता. कसलाच आवाज नव्हता.

“आली बघ,” अक्का हळूच म्हणाली.

कोणी आलं नव्हतं. हे संयोगिताला स्पष्ट दिसत होतं. तरी तिच्या पाठीतून गार काहीतरी सरकत खाली गेलं. रिकाम्या मैदानातून कुणीतरी चवड्यांवर येतंय. डावीकडं झुकतंय. आता पाठ वळवील. आता टाच उचलेल…

अक्का झेपावली. खरीखुरी, चवडा धरायला झेपावतात तशी.

संयोगिताचा हात उघडला.

तिनं उघडला नाही. तो उघडला.

म्हातारीचा तोल गेला. आधी गुडघा, मग तळहात, मग खांदा. मातीत धप्प असा आवाज झाला. मठाच्या कळसावरची कबुतरं फडफडून उठली, आणि संयोगिताच्या तोंडातून जो आवाज निघाला तो तिला स्वतःचा वाटला नाही.

“अक्का! लागलं का? अक्का…”

अक्का मातीत बसली होती, पाठमोरी. तिनं खांदा हलवून बघितला. थुंकून तोंडातली माती काढली.

“सोडलास,” ती म्हणाली.

…

“वनिताचा पण मीच सोडला,” संयोगिता म्हणाली.

ते शब्द बाहेर पडले. ती तिथंच खाली बसली.

वनिता सुतार. विद्यापीठाच्या संघाचा डावा कोपरा. याच गावची, शाळेमागच्या आळीतली. संयोगिताला अक्काकडं पहिल्यांदा घेऊन आली होती तीच. एकोणीस दिवसांपूर्वी उपांत्य सामन्यात जयमाला चढाईला आली. वनिता चवड्यासाठी झेपावली. शेजारणीनं तिचं वजन पुरतं पुढं जाईपर्यंत हात धरायचा, आणि मग मागोमाग कमरेला मिठी घालायची, हा पहिल्या दिवशीचा धडा. संयोगितानं टाच उचललेली बघितली, आणि हात आधीच सुटला. वनिता तोल जाऊन तोंडावर पुढं गेली. टाच तिच्या गळ्याखालच्या हाडावर बसली.

वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला होता. तो अजून येतो. दार लागलं तरी येतो, पेन खाली पडलं तरी येतो.

“सगळे म्हणतात, अपघात,” संयोगिता म्हणाली. “चित्रफितीत नेमकी पंचांची पाठ आड आलीय. मी शंभर वेळा बघितली. काही दिसत नाही. सर म्हणाले, तू तिच्या शेजारी उभी राहायचीस, तुला कोपरा माहितीय, तिच्या जागी तूच. मी काय बोलणार…? कुणालाच माहिती नाही.”

“वनिताला हाय.”

“हो.”

“काय म्हणती ती?”

“फोन करते. रोज संध्याकाळी. कधी दोनदा.”

“मग?”

“मी उचलत नाही.”

“किती येळा केला?”

“सव्वीस.” आकडा सांगायला तिला वही उघडावी लागली नाही.

अक्का अजून पाठमोरीच होती. तिच्या अंबाड्यात मातीचे खडे अडकले होते.

“मी हौसाचा सोडलेला,” ती म्हणाली.

संयोगितानं मान वर केली.

“कोल्हापूरला. समोर दांडगी बाई हुती, हातभर उंच. तिचा गुडघा वर आला आन् माझा हात उघडला. तुझ्यावानीच. हौसाचं म्होरलं तीन दात गेलं. तितंच थुंकली. पदरानं त्वांड पुसलं, आन् जाग्यावर जाऊन हुबी ऱ्हायली.”

“तुम्हाला काय बोलल्या?”

 अक्कानं मागं बघितलं नाही. बसल्या जागेवरून तिनं उजवा हात फक्त बाजूला केला, जरासा मागं, तळवा उघडा.

“असं,” ती म्हणाली.

…

“तुम्ही धरलात ना?”

“तीन चढाया न्हाई. तीन चढाया ती त्वांडात रगात घिऊन, हात उघडा ठिवून हुबी. मी आपली भुईकडं बघत.”

“आणि चौथ्या?”

अक्काचा हात तसाच.

संयोगितानं त्या हाताकडं बघितलं. तळव्यात खडे रुतले होते. अंगठ्याच्या मुळाशी कातडी सोलवटून रक्ताची बारीक रेघ आली होती.   तिला आपला डावा हात उचलायचा होता आणि तो उचलत नव्हता, कुणा दुसऱ्याचा असावा तसा ओढणीत पडून होता.

मग तिनं धरला. कसा, ते तिला आठवलं नाही. अक्का तिच्या हातावर भार देऊन उठली, आणि उठल्यावर कितीतरी वेळ दोघी मैदानात तशाच उभ्या राहिल्या, नसलेल्या चढाईची वाट बघत असल्यासारख्या.

“म्हणजे हौसाक्काच,” संयोगिता अखेर म्हणाली. सुटका झाल्यासारखा तिचा आवाज मोकळा झाला होता. “भारांक वगैरे काही नको. तीन दात गेले तरी हात पुढं केला. तिघींत थोर त्याच. असंच लिहिते.”

“लिहू नगस.”

“का?”

“चौथ्या चढाईला मी धरला हात. असा धरला, की हौसाला झेप घ्यायच्या येळला सुटता येईना. ती म्होरं वडतीया, मी मागं. चढाईवाली दोघींना शिवून गेली. सामना हरलो. एका गुणानं.”



“चिडल्या असतील.”

“हसली. दात नव्हतं, फुस्सफुस्स आवाज आला नुसता.” अक्कानं ओचा सोडून झटकला. “तुझ्या वहीत ती हार हाय का?”

होती. चौऱ्याहत्तर सालची, शेवटून दुसरी नोंद. डाव्या कोपऱ्यापुढं लिहिलं होतं: यशस्वी पकडी, शून्य. त्या शून्याला संयोगितानंच एक पूर्णांक दोननं गुणलं होतं.

तिनं वही मिटली.

अक्का चाळणीपाशी जाऊन बसली. तळव्यावर चिमूटभर हळद दाबली, फुंकर मारली, आणि पाटी पुढं ओढली.

“गावातनं आलीस, का मळ्यानं?”

“मळ्यानं.”

“लांब पडतं.”

“हो.”

“तितं कुत्री हायती. चार.”

“पाच आहेत,” संयोगिता म्हणाली.

“तुला कुत्र्याचं भ्या वाटतं न्हवं?”

“वाटतं.”

अक्कानं मान डोलावली. गावातून यायचं तर शाळेमागच्या आळीतून, सुतारांच्या दारावरून यावं लागे. हे तिनं बोलून दाखवलं नाही. खरखर सुरू झाली.

संयोगितानं चपला घातल्या. वही पिशवीत टाकताना तिचा हात त्या अर्जाला लागला आणि चटका बसल्यासारखा मागं आला. फाटकापाशी दोन वाटा फुटत होत्या. एक मळ्याकडं जाणारी, बाभळींतून. दुसरी गावात. तिथून शाळेची कौलं दिसत होती, आणि कौलांपलीकडं कुणाच्या तरी चुलीचा धूर. सुतारांच्या घराचा असेल. दुसऱ्या कुणाचाही असेल. 

“उद्या मी खेळू का, अक्का?”

“ते उद्या.”

“आणि आज?”

खरखर चालू राहिली.

ती गावाच्या वाटेवर वळली. एक पाऊल, दोन पावलं. तिसऱ्याला थांबली. डावा हात ओढणीत गुंडाळलेला होता. तिनं तो सोडवून घेतला आणि तो कुठं ठेवावा ते तिला सुचेना. वनिता दार उघडेल. गळ्यात हाताची झोळी असेल. ती काही बोलली तर? आणि काहीच बोलली नाही तर…?

“अक्का,” तिनं मागं न बघता हाक मारली. “मला फार भीती वाटतेय.”

चाळण थांबली.

“जयमालाची?”

संयोगितानं नकारार्थी मान हलवली.

 मग अक्का म्हणाली,

“चढाईवाली बरी, पोरी. ती वरडत येती.”